एल-तीन

मिसळणाच्या जुन्या डब्यात आता
मोहरीच्या वाटीत डायोड,
तिखटाच्या वाटीत लाल टोरॉईड, हळदीच्या वाटीत पिवळे,
आणि हिंगाच्या जागी
चिठ्ठीत गुंडाळलेले चार क्रिस्टल.
ऐरोली, सेक्टर तीन. रात्रीचे साडेनऊ.
ओटा पुसून झालाय. सोल्डरिंग आयर्न तापतंय.
बँड चाळीस मीटरचा,
चाळिशी नाकावर.

रबाळ्याच्या कंपनीत अकरा वर्षं बोर्डं भरली.
माझ्या वाट्याला एक कोपरा:
सी-चौदा ते सी-एकोणीस,
सहा कपॅसिटर, बारा डाख,
की पट्टा सरकायचा
आणि तोच कोपरा पुन्हा समोर यायचा.
बोर्ड पुढे कशात बसतो, बोलतो की नुसता उजळतो,
कोणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही;
चहाची सुट्टी सात मिनिटांची होती.

हा मात्र चारही कोपऱ्यांनी माझा.

ऐकायला तो पहिल्याच रात्री लागला.
आधी कळव्याच्या हाय-टेन्शन तारांची भुणभुण,
मग तिच्या आतून
कोणीतरी आपल्या बिघडलेल्या पंपाबद्दल सांगणारा.
ज्याला सांगत होता
तो मला ऐकू येत नव्हता.
मध्येच हा थांबायचा, "बरोबर, बरोबर" म्हणायचा,
आणि मी उकळत्या दुधाकडे पाठ करून
त्या गाळलेल्या जागा भरत बसले.
दूध गेलं.

बोलायला मात्र तयार नाही.
बटण दाबलं की रिले टिक करतो,
अँटेनाच्या जागी लावलेला बारा व्होल्टचा बल्ब
ढिम्म.
तीन रात्री.
फायनल ट्रान्झिस्टर बदलला. उगाच बदलला.
एकेक डाख भिंगाखाली धरला, सगळे चकचकीत,
सुपरवायझर घाणेकरांनीसुद्धा
पास केले असते.
ड्रायव्हरपर्यंत सिग्नल जिवंत,
फायनलच्या दारात नाही.
मधे फक्त एल-तीन:
पिवळं कडं, चौदा वेढे,
दोनदा मोजलेले.

दिघ्याचे मढवी, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
फोनवर आधी खोकले.
"मीटर लाव त्या कॉईलच्या दोन टोकांना."
लावला. काहीच नाही. तुटल्यासारखी.
"तार खरवडलीस?"
खरवडायची?
"अगं, तांब्यावर वार्निश असतं.
वरून डाख छान बसतो,
आत शिरत नाही."

तेव्हा आठवली सुमन कोयंडे.
माझ्या पाठीमागचं टेबल.
ब्लेड, पॉलिश पेपर, कलईची वाटी.
आमच्या लाईनवर तारा यायच्या त्या
टोकं उघडी होऊन, चंदेरी होऊन,
आणि मला वाटायचं, तारा तशाच असतात.
बोटांवर तिच्या तांबूस भुकटी;
सुमन नखं रंगवते, असं आम्ही हसायचो.
तीही हसायची.
गेटला कुलूप लागलं त्या दिवशी
ती डबा विसरली म्हणून परत आत गेली होती,
एवढंच माहीत आहे.

उपटली कॉईल. ब्लेड हलकेच धरलं,
टोक फिरवत, फिरवत,
पापुद्रा निघाला, खाली गुलाबी तांबं,
नवजात बाळाच्या टाचेसारखं.
कलई. डाख.
मीटर: शून्य दशांश दोन.
बटण दाबलं.

बल्ब हरभऱ्याएवढा पिवळा झाला.

"पेटला?" मढवी विचारत होते, "पेटला का?"
मी माझी बोटं बघत होते,
नखांच्या कडेला ती भुकटी.
"पेटला."
"मग बोल की! परवाना येऊन चार महिने झाले."

उद्या बोलेन.
गच्चीवर टाकीपासून टाकीपर्यंत
वीस मीटर तार बांधून ठेवली आहे.
सेक्रेटरींना सांगितलंय, कपड्यांची दोरी.
खोटं वाटू नये म्हणून
दोन दिवस झाले,
एक उशीचा अभ्रा तिथे वाळतोय.